गोवंडीत टीबीचे काम सुरू करताना

टीबीच्या कामाला नव्याने लागणाऱ्याच्या तोंडी आठवडाभरात ‘डिफॉल्टर’, म्हणजे उपचार मधेच सोडणारा, हा शब्द बसतो. तो वेळीच सोडलेला बरा. गोळ्या मधेच थांबवणाऱ्यांत जरीच्या कारखान्यात दिवसदिवस मान खाली घालून बसणारी पोरे असतात, उजाडायच्या आत कचरा वेचायला निघणारे असतात, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायका असतात. गोळ्या देणारे आरोग्य केंद्र उघडते तेव्हा हे सगळे कामावर असतात आणि एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. म्हणून पहिल्या भेटीत गोळीच्या आधी दिवस विचारा. किती वाजता उठता, कधी जेवता, मालक सुट्टी देतो का, गावाला कधी जाणार? पुढचे सहा महिने या उत्तरांवर चालतात.

मुंबई पालिकेच्या एम-पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार, शिवाजीनगर, बैंगनवाडीत, हे काम चांगले शिकता येते. टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आणि आयआयपीएस (लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था) दोन्ही देवनारलाच. पण तिथली पदवी हातात असली तरी सुरुवातीचे दिवस आरोग्य सेविकेच्या मागे गल्ल्यांतून फिरा. कोणत्या घरात सासूसमोर तोंड उघडायचे नाही, हे तिला पाठ असते. आणि नुसत्या मराठीवर इथे भागत नाही, हिंदी हवीच.

थुंकीच्या नमुन्यापासूनच गडबड सुरू होते. डबी देऊन ‘थुंकी आणा’ म्हटले की लाळ येते आणि तपासणी वाया जाते. हवा असतो तो छातीतून आलेला बेडका, 2 ते 5 मिली. साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा, मग पोटापासून खोकायचे. हे स्वतः करून दाखवा. सकाळचा नमुना उठल्या उठल्या, सार्वजनिक शौचालयाच्या रांगेला लागण्याआधी घ्यायला सांगा. मात्र दहा बाय दहाच्या खोलीत, झोपलेल्या पोरांशेजारी नाही. बाहेर मोकळ्यावर, कुणी जवळ नसताना.

औषधांना दाद देणाऱ्या टीबीत पहिले दोन महिने चार औषधांची एकत्रित गोळी आणि पुढचे चार महिने तीन औषधांची, रोज. किती गोळ्या, ते मोठ्या माणसात वजनावर ठरते: 35 ते 49 किलोला 3, 50 ते 64 किलोला 4. वजन दर महिन्याला काट्यावरच घ्या, रुग्णाला विचारून लिहू नका. औषध लागू पडले की भूक सुटते, वजन वाढते आणि गट बदलू शकतो. तसे दिसले की डॉक्टरांना कळवा.

लघवी केशरी-लाल होईल, हे पहिल्याच दिवशी सांगा. न सांगितल्यास ‘रक्त जातंय’ म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या बंद झालेल्या असतात. डोळे पिवळे दिसणे, उलट्या न थांबणे, नजर धूसर होणे यासाठी मात्र त्याच दिवशी डॉक्टर. बायकांना सहसा कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट: टीबीच्या गोळीतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो. तेवढ्या काळासाठी दुसरे साधन लागेल, हे बाजूला घेऊन सांगा.

बाजूला घेणे वस्तीत सोपे नाही. पत्र्याच्या भिंतीपलीकडे सगळे ऐकू जाते, आणि टीबी कळला की घरमालक खोली रिकामी करायला सांगू शकतो, ठरलेले लग्न मोडू शकते. त्यामुळे दारात उभे राहून आजाराचे नाव घेऊ नका, ॲप्रन घालून जाऊ नका. कुठे भेटायचे ते रुग्णाने ठरवावे. पत्ता लिहिताना रोड आणि प्लॉट नंबरासोबत जवळची गिरणी किंवा मशीद लिहा, आणि दुसऱ्या कुणाचा तरी मोबाईल नंबर. तो नंबर कुणाचा आहे आणि त्या माणसाला आजार माहीत आहे का, हेही लिहा. नाहीतर तुमच्याच फोनने गुपित फुटेल.

टीबी रुग्णाला उपचाराच्या काळात पोषणासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये झाले, आधी 500 होते. ते थेट खात्यात जातात आणि अडतातही तिथेच: आधारवर एक नाव, पासबुकवर दुसरे, लग्नानंतर आडनाव बदललेले, खाते बंद पडलेले. उपचार सुरू होतात त्याच आठवड्यात पासबुक डोळ्यांनी पाहा. ‘खाते आहे’ या उत्तरावर विसंबू नका.

रमजानमध्ये रोजा सोडा म्हणणे कामाचे नाही. माणूस हो म्हणतो आणि गोळी सोडतो. डॉक्टरांना विचारून ती सेहरीला किंवा इफ्तारनंतर बसवता येते का, ते आधीच ठरवा.

सगळ्यात मोठी गळती गावाला जाण्यात. ईद, मे महिना, गणपती, शेतीची कामे. ओरडा बसेल म्हणून रुग्ण सांगतच नाही, गुपचूप गाडीत बसतो. म्हणून दर भेटीत तुम्हीच विचारा. निक्षय आयडी, म्हणजे टीबीच्या सरकारी नोंदणीत रुग्णाला मिळालेला क्रमांक, देशभर चालतो. तो कागदावर लिहून द्या आणि फोनमध्ये त्याचा फोटोही काढून द्या. प्रवासाला पुरून आठवडाभर उरतील एवढ्या गोळ्या सोबत मिळतील असे बघा, मुक्काम लांबणार असेल तर तिकडच्या केंद्राकडे बदली टाका. पोचल्यावर दोन-तीन दिवसांनी फोन करा, आणि तिथल्या केंद्रावरून पहिले पाकीट हाती आल्याचे त्याच्याच तोंडून ऐका.