बॅकअप लिंक टाकलीय? मग आधी रूटला टॅग लावा

समजा पुणे आणि नाशिक अशी दोन ऑफिसं आहेत, दोन्हीकडे प्रोव्हायडरची एमपीएलएस व्हीपीएन (ऑफिसं जोडणारं त्यांचं खासगी नेटवर्क), आणि ती पडली तर काम अडू नये म्हणून मधे थेट एक बॅकअप लिंक. राउटरनी एकमेकांना रूट, म्हणजे कुठलं नेटवर्क कुठून गाठायचं ते, सांगायला आतमध्ये आणि बॅकअपवर ओएसपीएफ हा प्रोटोकॉल, प्रोव्हायडरकडे बीजीपी हा. आमचा असाच सेटअप कित्येक महिने छान चालला आणि एका रात्री पुण्यातला एक स्विच मेला. त्याच्यामागचं नेटवर्क गेलं ते ठीक, पण नाशिकहून ट्रेसरूट (पॅकेटची वाट दाखवणारी कमांड) मारला तर तेच चार आयपी फिरून फिरून ३० हॉपपर्यंत (हॉप म्हणजे वाटेतला एक राउटर), आणि बॅकअप लिंक फुल्ल. स्विच मेला तरी त्याचा रूट जिवंत होता, हे डोक्यात शिरायलाच तासभर गेला.

झालं काय, तर पुण्याचा १०.१.०.० (त्या स्विचमागच्या नेटवर्कचा रूट) पुण्याच्या राउटरने बीजीपीत टाकला, तो एमपीएलएसमधून नाशिकला आला, नाशिकच्या राउटरने तो ओएसपीएफमध्ये ओतला आणि बॅकअप लिंकवरून तोच रूट एक्स्टर्नल (दुसऱ्या प्रोटोकॉलमधून ओतलेला) बनून पुण्याला परत गेला. एरवी पुणे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही कारण स्वतःचा इंटर्नल रूट असतो. पण तो इंटर्नल गेला की हा परत आलेला रूट टेबलात बसतो, पुणे तो पुन्हा बीजीपीत ढकलतं, नाशिकला वाटतं पुण्यात सगळं ठीकठाक आहे, मग नाशिक तो पुन्हा ओएसपीएफमध्ये ओततं. दोघं एकमेकांच्या भरवशावर मेलेला रूट जगवतात, आणि पॅकेट नाशिकहून एमपीएलएसने पुण्याला, पुण्याहून बॅकअपने नाशिकला असं टीटीएल (पॅकेटची हॉपची मर्यादा) संपेपर्यंत फिरत राहतं.

आता कोणी म्हणेल बीजीपीत एएस पाथ (रूट ज्या ज्या नेटवर्कमधून आला त्यांच्या एएस नंबरांची यादी) असतो की, तो लूप पकडतो. पकडतो, पण रूट ओएसपीएफमध्ये गेला की तो पाथ पुसला जातो आणि परत बीजीपीत येताना रूट कोरा करकरीत दिसतो. सिस्कोवर ओएसपीएफमधून बीजीपीत बाय डिफॉल्ट फक्त इंटर्नल रूट जातात, त्यामुळे खूप जण नशिबाने वाचतात. आमच्याकडे फायरवॉलमागचा एक स्टॅटिक (हाताने लिहिलेला, म्हणून ओएसपीएफमध्ये एक्स्टर्नल) रूट जात नव्हता म्हणून कोणीतरी तिथे 'मॅच एक्स्टर्नल' घातलं होतं. कोणी ते विचारू नका.

उपाय सोपा आहे, पण दोन्ही राउटरवर करायचा, एकावर करून झोपायला जाऊ नका. बीजीपीतून ओएसपीएफमध्ये टाकताना रूट-मॅपमध्ये (रूट गाळायच्या नियमांची यादी) 'सेट टॅग ७७७' लावा, टॅग म्हणजे रूटवरची आकड्याची खूण, शून्य सोडून आकडा कुठलाही चालेल, फक्त सगळ्या साइटवर एकच ठेवा. मग ओएसपीएफमधून बीजीपीत जाताना वेगळा रूट-मॅप करा, त्यात डिनाय १० (अडवायचा नियम) मध्ये 'मॅच टॅग ७७७' आणि खाली परमिट २० (बाकीचं जाऊ द्यायचा नियम) रिकामा. हा परमिट २० विसरलात तर शेवटचा न दिसणारा डिनाय सगळेच रूट अडवतो आणि पूर्ण साइट एमपीएलएसवरून गायब होते. टॅगमुळे बॅकअपचं काम बिघडत नाही बरं का, पुण्याची एमपीएलएस पडली तर पुण्याचे रूट नाशिकला बिनटॅगचे इंटर्नल म्हणूनच येतात आणि नाशिक ते पुढे बाकीच्या साइटना देतंच.

बॅकअप लिंक वेगळ्या राउटरवर असेल तर अजून एक भानगड. आतल्या कोअर स्विचला बॅकअपवरचा रूट इंट्रा-एरिया (ओएसपीएफच्या त्याच भागातला) दिसतो, एमपीएलएसचा एक्स्टर्नल, आणि बॅकअपची ओएसपीएफ कॉस्ट (कमी ती वाट आधी) कितीही वाढवा, इंट्रा-एरियाच घेतो. म्हणजे महागडी एमपीएलएस रिकामी आणि बॅकअपवर गर्दी. माझं विचाराल तर बॅकअपवरही बीजीपीच चालवा आणि तिकडून आलेल्या रूटला लोकल प्रेफरन्स ५० द्या (डिफॉल्ट १०० असतो, जास्त तो आधी), मग एएस पाथही पुसला जात नाही.

प्रोव्हायडरच्या पीईशी (तुम्हाला जोडलेला त्यांचा राउटर) थेट ओएसपीएफ बोलत असाल तर लूप अडवायला डीएन बिट (रूट प्रोव्हायडरकडून आल्याची खूण) असतो, पीई तो बिट दिसला की तो रूट परत बीजीपीत घेत नाही. तुमच्याच राउटरवर व्हीआरएफ (वेगळं रूटिंग टेबल) असेल तर तोही तो रूट नाकारतो, म्हणून लोक 'कॅपेबिलिटी व्हीआरएफ-लाइट' मारतात आणि रूट येतो, पण ते संरक्षणही बंद होतं. तिथे टॅग हाताने लावायलाच लागतो. आणि बॅकअपऐवजी एमपीएलएस आधी वापरली जावी असं हवं असेल तर प्रोव्हायडरकडे शॅम लिंक (दोन पीईंमधली, ओएसपीएफला खरी वाटणारी लिंक) मागा, तिची कॉस्ट बॅकअपपेक्षा कमी.

सगळ्या साइटना एकच एएस नंबर असेल आणि प्रोव्हायडरने एएस ओव्हरराइड (पाथमध्ये तुमच्या नंबरऐवजी त्यांचा) लावलं असेल, तर साइट ऑफ ओरिजिनही (रूट कुठल्या साइटचा ती खूण) लावून घ्या. एका साइटच्या दोन्ही लिंकला एकच व्हॅल्यू, पण पुणे आणि नाशिकला वेगवेगळी. चुकून एकच दिली तर प्रोव्हायडर पुण्याचे रूट नाशिकला देणारच नाही.

टेस्ट रात्रीच करा. पुण्याच्या कोअर स्विचवर १०.१.९९.०/२४ असा टेस्ट व्हीलॅन (टेस्टपुरतं वेगळं नेटवर्क) घ्या, तो नाशिकला बीजीपीतून दिसतोय ना बघा, मग बंद करा. मिनिटा-दोन मिनिटांत नाशिकहून तो गेला पाहिजे. नाही गेला तर पुण्याच्या ओएसपीएफ डेटाबेसमध्ये त्याचा एक्स्टर्नल एलएसए (ओएसपीएफमधली रूटची नोंद) उघडा, त्यात ७७७ सोडून दुसराच टॅग (सिस्कोवर एरवी प्रोव्हायडरचा एएस नंबर) दिसला तर नाशिकला सेट टॅग राहिलाय, ७७७ दिसला तर पुण्याचा डिनाय लागलेला नाही.