दादाला "आठवतंय का?" विचारू नका

दारूनं गेलेली स्मरणशक्ती मेंदूत नव्या पेशी बसवून परत येते, अशी बातमी तुम्हालाही कुणीतरी पाठवेल. मला आली तेव्हा दादाला कोर्साकॉफ, म्हणजे दारूपायी आठवणी टिकेनाशा होण्याचा आजार, असल्याचं कळून महिनाच झाला होता. मी थेट फोन लावला. पलीकडच्यानं दादाचे रिपोर्टही न मागता पेशी बसवायची तारीख दिली. तिथंच सावध व्हायचं, तर मी आगाऊ रक्कम भरून बसलो.

तेव्हा बातमीत आधी एवढंच शोधा: प्रयोग कुणावर झाला? मूळ काम खरं आहे. १९८८ साली लंडनच्या संशोधकांनी ते 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापलं. दीर्घकाळ दारू पाजलेले उंदीर चक्रव्यूहात चुकत होते. त्यांच्या मेंदूत गर्भातल्या उंदरांच्या, अ‍ॅसिटिलकोलीन (मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी सोडल्यावर ते सुधारले. उंदीर! त्या पेशी सोडल्या मेंदूच्या कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस या भागांत. कोर्साकॉफचा मोठा मार बसतो दुसऱ्याच भागांवर, थॅलॅमस आणि मॅमिलरी बॉडींवर, तोही बी-१ जीवनसत्त्व (थायमिन) संपल्यामुळे.

घाई करायची ती या बी-१ची. पिणारा माणूस एकाएकी गोंधळला, प्यायलेला नसतानाही तोल जाऊ लागला किंवा डोळे विचित्र हलू लागले, तर तिन्ही लक्षणं जमायची वाट बघू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पिणाऱ्याचं आतडं गोळ्या नीट शोषत नाही, म्हणून औषध शिरेतून लागतं. सलाइनमधून ग्लुकोज चढवण्याआधी "थायमिन दिलं का?" हे बेधडक विचारा. आणि रोजची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, झटके येतात.

घरी शिकवताना अंदाज बांधायला लावू नका. चुकीचं उत्तर एकदा तोंडून गेलं की तेच पक्कं बसतं. सकाळी ऑफिसला जाऊन आलो म्हणाला तर वाद घालू नका. तो खोटं बोलत नसतो.

हाताला मात्र आठवतं. क्लापारेद या स्विस मानसशास्त्रज्ञानं अशाच एका बाईशी हस्तांदोलन करताना टाचणी टोचली होती. पुढच्या वेळी तिला तो आठवेना, पण तिनं हात आखडला. मग मी दादाचा हात धरून रोज चष्मा एकाच कप्प्यात ठेवायला लागलो, काही न विचारता. तीन आठवड्यांनी तो स्वतःच ठेवू लागला. विचारलं तर म्हणतो, "मी कुठं चष्मा लावतो?"