'बिलाय' या क्रियापदात कुठे अडकायला होतं

इंग्रजी शब्दसंग्रहाच्या तयारीला लागलात की 'बिलाय' (belie) कधी ना कधी आडवं येणारच. बोलण्यात ते फारसं ऐकू येत नाही. अग्रलेखांत, परीक्षणांत आणि परदेशी विद्यापीठांतल्या प्रवेशासाठीच्या जीआरईसारख्या परीक्षांच्या तयारीत मात्र भेटतं. मला त्याने इतकं छळलंय, की अजूनही ते दिसलं की मी वाक्य दोनदा वाचते.

शब्दयाद्यांत त्याच्यापुढे दोन अर्थ असतात: खोटा आभास निर्माण करणे आणि खोटं ठरवणे. 'हर स्माइल बिलाइड हर अँगर' यात राग खरा आहे, हसू त्याच्यावर पांघरूण घालतंय. 'द फॅक्ट्स बिलाय हिज क्लेम' यात दावाच खोटा आहे, वस्तुस्थिती त्याला उघडं पाडतेय. म्हणजे कर्म एकदा खरं, एकदा खोटं! नुसती यादी घोकलीत तर हमखास उलटा अर्थ लावाल. दोन्हीकडे कर्ता आणि कर्म यांचा मेळ बसत नाही, तेवढं घट्ट धरा. खरं कोण, ते संदर्भातून कळतं.

परीक्षेतल्या पर्यायांत शेजारी 'बिट्रे' (betray) असलं की घोळ वाढतो. 'हर ट्रेंबलिंग हँड्स बिट्रेड हर फिअर': थरथरते हात भीती उघड करतात. 'ट्रेंबलिंग'च्या जागी 'स्टेडी' घाला, की लगेच 'बिलाइड' हवं, कारण स्थिर हात भीती लपवतात. वाक्यरचना तीच, फरक एका विशेषणाचा. म्हणून रिकामी जागा भरण्याआधी कर्त्याचं विशेषण वाचाच. घाईत नेमकं तेच सुटतं.

"आत 'लाय' आहे, म्हणजे खोटं बोलणं," एवढं सांगून पुढे जाणारे मार्गदर्शक मला पटत नाहीत. व्युत्पत्ती बरोबर आहे, पण आज या क्रियापदाचा कर्ता सहसा माणूस नसतो. चेहरा, आवाज, आकडे असं काहीतरी असतं. 'ही बिलाइड टू मी' चूकच. याला थेट कर्म लागतं, मध्ये 'टू' येत नाही.

रूपांची धास्ती नको: बिलाइज, बिलाइड, बिलाइंग. स्पेलिंग 'डाय'च्या (die, मरणे) वळणाने जातं.

स्वतःच्या लेखनात ते लगेच आलं नाही तरी बिघडत नाही, आधी वाचताना ओळखू येऊ दे. वापरायचंच असेल तर 'हर एनर्जी बिलाइज हर एज' या साच्यापासून सुरुवात करा. उत्साह पाहून वयाचा अंदाज येत नाही, हा अर्थ चटकन लागतो आणि वाक्यही कानाला खटकत नाही.