वह्या बदलून तपासताना हातात यादी द्या

मुलांना एकमेकांचं लेखन तपासायला दिलं की शेरा ठरलेला: 'छान' किंवा 'अक्षर सुधार'. ज्याची वही आहे त्याला त्यातून काहीच मिळत नाही. नववीच्या औपचारिक पत्रासाठी मी आता फळ्यावर चारच प्रश्न लिहिते. उत्तर वहीत बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

१. दिनांक, प्रति, विषय तिन्ही आहेत का?
२. पत्र कशासाठी आहे ते सांगणारं वाक्य कोणतं? अधोरेखित कर.
३. नेमकी विनंती काय आहे? तुझ्या शब्दांत समासात लिही.
४. शेवटी 'आपला/आपली', नाव, पत्ता आहे का?

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. विनंती सापडली नाही, तर 'सापडली नाही' एवढंच लिहायचं. पत्र लिहिणारा लगेच वही ओढून घेतो आणि दुरुस्त करतो. खुणा पेन्सिलनेच करायच्या, वेळ दहा मिनिटं. पहिल्यांदा मात्र नाव झाकलेलं एखादं जुनं पत्र सगळ्या वर्गाने मिळून तपासा, नाहीतर मुलं न वाचताच बरोबरच्या खुणा करत सुटतात.

आणि गुण द्यायला लावू नका. गुण आले की दोस्ती आणि भांडणं दोन्ही मध्ये येतात.