घरातल्या दीर्घ आजारपणात करणाऱ्या माणसाने स्वतःला कसे सांभाळावे

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे करणे बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या अंगावर पडते, आणि ती व्यक्ती बहुधा मुलगी, सून किंवा पत्नी असते. 'काही लागले तर सांगा' असे येणारा प्रत्येक जण म्हणतो. पण काय सांगायचे हे ठरलेले नसल्यामुळे कोणालाच काही सांगितले जात नाही.

म्हणून सुरुवात वहीपासून करावी. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, पेज किती दाट, कोणती बाजू लुळी, पाणी हवे असल्यास खूण कोणती, हे सारे त्यात लिहावे. ही माहिती एकाच डोक्यात राहिली, तर त्या माणसाला दोन तासही उठता येत नाही.

त्यानंतर मदत मागावी, पण मोघम नव्हे. 'रविवारी दुपारी दोन ते सहा बाबांजवळ बसाल का?' असे विचारल्यावर होकार किंवा नकार, काहीतरी ठोस मिळते. पहिल्या खेपेस पेज पातळ झाली म्हणून लगेच चमचा हातातून काढून घेऊ नये. रुग्णाला गिळण्याचा त्रास असेल तेव्हा मात्र डॉक्टरांनी सांगितलेला दाटपणा तंतोतंत पाळावा लागतो.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पाठीकडे. कूस बदलताना रुग्णाच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत दुहेरी घडीची चादर घालावी, दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा शरीरालगत धराव्यात, आणि कमरेत न वाकता गुडघे वाकवून, आकडे मोजत एकाच वेळी सरकवावे. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये. खांदा निखळू शकतो. पलंग कमरेइतका उंच असल्यास निम्मा त्रास तिथेच वाचतो. फिजिओथेरपिस्ट व्यायामासाठी घरी येत असल्यास ही रीत त्यांच्यासमोर एकदा करून पाहावी.

अंथरुणाच्या जखमा टाळण्यासाठी साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, त्यामुळे रात्र दोघांत वाटून घेणे उत्तम. हवेची गादी आणली तरी कूस बदलणे थांबत नाही; अंतर वाढवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

स्वतःची रक्तदाबाची गोळी रुग्णाच्या डब्याशेजारीच ठेवावी आणि तीही वहीत मांडावी. संधी मिळूनही दोन आठवडे झोप येत नसेल, क्षुल्लक कारणाने रडू कोसळत असेल किंवा रुग्णावर हात उगारला जाईल अशी भीती वाटत असेल, तर डॉक्टरांना गाठावे, अथवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर बोलावे. ही सेवा मोफत असून चोवीस तास चालते आणि मराठीतही मिळते. हा फोन मात्र खोलीबाहेर जाऊन करावा: पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाला अनेकदा सारे समजत असते.