जुनी चिनी कोरीव खुर्ची घेण्याआधी ती कशी पारखावी

सर्वात आधी खुर्ची उलटी करा. विकणारा उलटी करू देत नसेल, तर ती घेऊ नका. समोरची नक्षी नव्याने कोरता येते, खुर्चीच्या हातांवर जुनेपणाची चमकही आणता येते. बैठकीच्या खालच्या अंगावर मात्र सहसा कुणी तेवढी मेहनत घेत नाही.

खाली काय दिसायला हवं? जुन्या चिनी कारागिरांनी बैठकीच्या खालून कापड चिकटवून त्यावर काळसर लाखेचा थर दिलेला असे, ओल आत शिरू नये म्हणून. काळाने तो तडकतो, खवले सुटतात. मधूनच राहिलेला असा थर दिसला, तर तो खरवडून काढू नका. सगळीकडे सारखा, गुळगुळीत काळा रंग असेल तर शंका घ्या.

आता बैठकीखालच्या आडव्या पट्ट्या बघा. त्या खाली वाकलेल्या असतील, तर मूळ बैठक वेताची होती. वेताची बैठक माणसाच्या वजनाने झोळ धरते, त्या झोळाला जागा मिळावी म्हणून पट्टी वाकडी ठेवत. वर फळी आहे, खाली पट्ट्या वाकड्या आहेत आणि चौकटीच्या आतल्या कडेला वेत ओवायची भोकं बुजवलेली आहेत, तर बैठक बदलली आहे. तेवढ्यावरून खुर्ची नकली ठरत नाही, पण किंमत उतरायला हवी.

मग सांधे तपासा. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, हीच चिनी कारागिरांची रीत. खिळे किंवा स्क्रू दिसले तर ते बहुधा नंतरच्या दुरुस्तीचे. पाठीची वळणदार फळी वाफेने वाकवलेली नसते, जाड ओंडक्यातून कापून काढलेली असते. म्हणून कडेने बघितल्यावर लाकडाच्या रेषा वळणाबरोबर न वळता सरळ जाऊन कडेला तुटतात. साध्या ‘अधिकाऱ्याच्या टोपी’च्या घाटाच्या खुर्चीत (पाठीचा वरचा दांडा जुन्या चिनी अधिकाऱ्याच्या टोपीसारखा दिसतो म्हणून हे नाव) मागचा पाय आणि पाठीचा खांब हे एकच लाकूड, बैठकीच्या चौकटीतून आरपार वर गेलेलं. भरगच्च कोरलेल्या ताइशी खुर्चीत (ही मोठी, मानाची खुर्ची) मात्र खाली चौरंगासारखी बैठक आणि तिच्यावर पाठ-हात वेगळे बसवलेले. ही दुसरी रीत छिंग राजवटीची (1644 ते 1911). दाट कोरलेली ताइशी खुर्ची कुणी मिंग काळातली (1368 ते 1644) म्हणून दाखवली, तर पैसे काढायची घाई करू नका.

नक्षीवरून बोट फिरवा. हाताने कोरताना उठावाभोवतीचं लाकूड पटाशीने काढून टाकलेलं असतं, त्यामुळे मागची पातळी किंचित वरखाली लागते. यंत्राच्या नक्षीत आतले कोपरे गोलसर राहतात आणि दोन बाजूंची फुलं तंतोतंत जुळतात. वेगळी कोरून डिंकाने चिकटवलेली नक्षी कडेने फटीसारखी दिसते. वटवाघूळ दिसलं तर दचकू नका. त्याच्या चिनी नावातल्या ‘फू’चा उच्चार ‘भाग्य’ या अर्थाच्या चिनी शब्दासारखाच. पीच फळ दीर्घायुष्याचं.

लाकूड ओळखणं सर्वात कठीण. ‘होंगमू’ म्हणजे नुसतं ‘लाल लाकूड’, ते एका झाडाचं नाव नाही. झितान म्हणजे मात्र आपलं रक्तचंदन, आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरांतलं. छिंग दरबाराची त्यावर फार प्रीती होती. ते पाण्यात बुडतं. स्पिरिटचा बोळा लपलेल्या जागी घासला तर लाल होतो, पण रंगवलेल्या हलक्या लाकडाचाही होतो. म्हणून वजन, रेषा आणि बोळा तिन्ही एकत्र बघा.

मुंबईत आणखी एक गोंधळ होतो. 1757 ते 1842 या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये ग्वांगझू हे एकच बंदर खुलं होतं. मुंबईचे पारशी व्यापारीही तिथे जात, आणि पारशी घरांत चिनी कोरीव सामान आलं. पण 19व्या शतकात मुंबईतच शिसवी लाकडाचं दाट कोरीव फर्निचर बनू लागलं. त्याचा घाट युरोपीय दिवाणखान्याचा आणि पानाफुलांची जाळी. तीही सुंदर कामं आहेत. फक्त चिनी म्हणून घेऊ नका.

झीज खरी कुठे असते ते बघा: पुढच्या पायांमधली आडवी पट्टी. बैठक उंच असल्याने पाय तिच्यावर टेकायचे, म्हणून ती मधे दबलेली असते. हातांच्या टोकाला झीज असून ही पट्टी धारदार असेल, तर झीज बनवलेली आहे.

परदेशी न्यायचा विचार असेल तर थांबा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.

घरी आणताना हातांना किंवा पाठीला धरून उचलू नका. दोघांनी बैठकीची चौकट खालून धरा. पावसाळ्यात भिंतीला चिकटवू नका, एसीच्या झोतासमोर ठेवू नका. तेल लावू नका, त्यावर धूळ बसते. वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात पुरतो, आणि नक्षीतली धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा.