कैलास लेण्याची निगेटिव्ह: डार्करूममध्ये ऊन आणि सावली एकाच कागदावर

वेरूळच्या कैलास लेण्यात भर दुपारी काढलेला फोटो छापायला अवघड. शिखरावर रणरणतं ऊन, खाली ओवऱ्यांत जवळजवळ काळोख, आणि दगड मुळातच काळसर बसाल्टचा. ही निगेटिव्ह नीट छापता आली की त्या रोलमधल्या बाकीच्या सोप्या जातात. इथे ३५ मिमी निगेटिव्ह, एनलार्जरला (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) ५० मिमी लेन्स आणि ८ × १० इंची आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) मल्टिग्रेड कागद धरला आहे. मल्टिग्रेड म्हणजे फिल्टर बदलून ज्याचा कॉन्ट्रास्ट बदलता येतो असा कागद; फिल्टरचा नंबर मोठा तितका कॉन्ट्रास्ट जास्त.

इल्फोर्ड कंपनीची रसायनं असतील तर मल्टिग्रेड डेव्हलपर (चित्र उमटवणारं) एका भागाला नऊ भाग पाणी, स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं) एकाला एकोणीस, रॅपिड फिक्सर (चित्र टिकाऊ करणारं) एकाला चार. २० अंशांना डेव्हलपरमध्ये १ मिनिट, स्टॉपमध्ये १० सेकंद, फिक्सरमध्ये ३० सेकंद, मग वाहत्या पाण्यात २ मिनिटं. उन्हाळ्यात नळाचं पाणी सहज ३० अंशांवर असतं, म्हणून डेव्हलपरचा ट्रे मोठ्या ट्रेतल्या गार पाण्यात ठेवा. बर्फ पिशवीत बांधून त्या बाहेरच्या पाण्यात सोडायचा. डेव्हलपरमध्येच टाकला तर तो पातळ होतो. प्रत्येक ट्रेला वेगळा चिमटा हवा.

निगेटिव्हवरची धूळ ब्लोअरने उडवा, नाहीतर प्रिंटवर पांढरे ठिपके येतात. लेन्स पूर्ण उघडी ठेवून ग्रेन फोकसरने (फिल्मचे कण मोठे करून दाखवणारं भिंग) फोकस करा, मग लेन्सचं छिद्र एफ ८ वर आणा.

टेस्ट स्ट्रिपवर (वेगवेगळ्या वेळा उजेड देऊन बघायची कागदाची पट्टी) शिखर आणि ओवरी दोन्ही यायला हवीत, नुसत्या आकाशाची पट्टी काढून काही कळत नाही. २ नंबरचा फिल्टर लावा आणि एकूण ५, ७, १०, १४, २० सेकंद असे टप्पे पाडा: आधी सगळ्या पट्टीला ५ सेकंद, मग पुठ्ठा सरकवत २, ३, ४, ६. दर वेळी सरसकट ५ सेकंद वाढवले तर पहिला टप्पा दुप्पट होतो आणि शेवटच्या दोघांत फरकच दिसत नाही.

पट्टी पूर्ण मिनिटभर डेव्हलप करा. काळी पडतेय म्हणून लवकर बाहेर काढायचा मोह होतो, पण तशी प्रिंट मळकट आणि पट्ट्यापट्ट्यांची येते. पट्टीवर आधी उजळ भाग बघा. उन्हातल्या दगडाचा पोत जिथे जेमतेम दिसतो, ती वेळ धरा. त्या वेळेला सावली फिकट राखाडी राहिली तर फिल्टर वरचा, सगळी काळी झाली तर खालचा. इल्फोर्डच्या फिल्टरमध्ये ००पासून ३½पर्यंत वेळ साधारण तीच राहते. ४ ते ५ला दुप्पट लागते. तरी फिल्टर बदलला की नवी पट्टी काढाच.

कैलासच्या निगेटिव्हला बहुधा एक फिल्टर पुरत नाही. समजा २ नंबरवर १० सेकंदांत ओवरी छान आली आणि शिखर पांढरं राहिलं. मग त्या १० सेकंदांनंतर ० नंबर लावा आणि भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून फक्त शिखराला आणखी ८-१० सेकंद द्या. कमी नंबरच्या फिल्टरने उजळ भाग भरतात, पण कडेचा काळा दगड फारसा आणखी काळा होत नाही. पुठ्ठा सतत हलता ठेवा, थांबलात की कडा उमटते. उलट ओवरी काळी झाली असेल तर तारेला चिकटवलेल्या कागदाच्या तुकड्याने मूळ वेळेतले २-३ सेकंद तिच्यावर सावली धरा. मात्र निगेटिव्हच तिथे कोरी असेल तर खांब दिसणार नाहीत, राखाडी डाग दिसेल.

विमानतळावर एक्स-रे बसलेल्या फिल्मवर सगळीकडे हलका धुरकटपणा असतो आणि सावल्या सपाट होतात. अशा निगेटिव्हला ३ किंवा ३½पासून सुरुवात करा.

प्रिंटच्या पांढऱ्या कडा स्वच्छ, पण चित्रातले उजळ भाग मळकट, असं झालं तर सेफलाइटवर (कागद खराब होऊ नये असा डार्करूममधला रंगीत दिवा) संशय घ्या. आधी फिका राखाडी रंग येईल एवढाच उजेड एनलार्जरने कागदाला द्या, त्यावर नाणं ठेवून सेफलाइटखाली ५ मिनिटं राहू द्या आणि डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा लांब न्या किंवा कमी वॅटचा लावा. कोऱ्या कागदावर ही चाचणी फसते, कारण थोडा उजेड आधीच बसलेल्या कागदावर धूसरपणा लवकर उमटतो.

अंतिम वेळ ओल्या प्रिंटवरून ठरवू नका. वाळल्यावर उजळ भाग किंचित गडद होतात. आरसी कागदावर कमी, फायबरवर (प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदावर) ठळक. फायबरला म्हणून वेळ ५ ते १० टक्के कमी धरतात.